लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा आवाज

देव कुणाला कुठे भेटावा याला काही नियम नाही. कुणाला डोंगरावर भेटतो, कुणाला दुखण्याच्या अंथरुणावर. पाणीपुरवठा विभागातल्या कानसेनला तो टेकडीखालच्या एका ओलसर खड्ड्यात भेटला, आणि तोही फक्त उजव्या कानाला.

कानसेन हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. शहराच्या पोटातून गेलेल्या पाइपांमधून पाणी कुठे गळतंय, हे ऐकून सांगणं हे त्याचं काम. हातात खांद्याइतका उंच पोलादी दांडा. त्याचं खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वरच्या टोकाच्या लाकडी वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखून उभं राहायचं. धड पाइप गप्प असतो, फुटका बोलतो. भोक बारीक असेल तर शीळ घालतो, मोठं असेल तर नुसता फसफसतो. खोदणाऱ्या टोळीच्या मुकादमाने त्याला हे नाव दिलं आणि ते असं चिकटलं की ऑफिसातला कारकूनसुद्धा त्याच नावाने हाक मारू लागला.

त्याआधी टोळीत त्याला भडका म्हणत. कारण सांगायला नकोच. चहात साखर कमी पडली की कप भिंतीवर जायचा. बायकोने शेवटी कंटाळून घरात काचेची वस्तू आणणंच बंद केलं होतं, कपसुद्धा स्टीलचे. कामावरची माणसं त्याच्याशी बोलताना एक पाऊल मागे सरकून बोलायची, आणि एकुलती एक मुलगी बापाच्या चपलांचा आवाज आला की पुस्तकात तोंड खुपसायची.

मग वीसेक वर्षांपूर्वी, टेकडीवरच्या टाकीच्या पायथ्याशी, व्हॉल्व्हच्या खड्ड्यात उतरून तो असाच ऐकत होता. सकाळपासून दोघांशी भांडून झालं होतं आणि तिसऱ्याशी भांडायची मनात तयारी चालली होती. तेवढ्यात दांड्यातून एक आवाज आला. बारीक, अखंड, कुठेही न तुटणारा. तो गळतीचा म्हणावा तर वर सगळं कोरडं ठाक. तो ऐकत राहिला. ऐकता ऐकता डोक्यातलं भांडण थांबलं, मग डोकंही थांबलं. खड्डा, दांडा, तो स्वतः आणि वरचं आभाळ यांच्यात सांधाच उरला नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. वरून मुकादमाने ‘अरे, झोपलास की मेलास?’ म्हणून ओरडून विचारलं, तेव्हा हा रडत होता, आणि ते रडणं इतकं सुखाचं होतं की त्याला लाजही वाटली नाही.

तो आवाज पुढे कधी गेलाच नाही. दांडा कानाला असो नसो, गोंगाट जरा ओसरला की तो आतून उमटायचा. कानसेन रोज सकाळी मागच्या खोलीत दार लोटून त्याच्यापाशी बसू लागला. कप भिंतीवर जायचे थांबले. आवाज वाढवून कुणी बोललं तर हा शांतपणे बघत राही. हे सगळं त्याने फक्त दोघांना सांगितलं होतं. मुकादम म्हणाला, ‘‘तुझा देव तुला लखलाभ, मला फक्त कुठे खोदायचं ते सांग.’’ आणि बायको म्हणाली, ‘‘भांडी भिंतीवर जात नाहीत ना आता? मग असू दे.’’

अशी वर्षं गेली आणि मग विभागात इंजिनिअर मॅडम आल्या.

मॅडम वयाने त्याच्या मुलीएवढ्या. त्यांनी शहरभर व्हॉल्व्हना मुठीएवढे सेन्सर चिकटवले. ते सेन्सर दिवसभर पाइपांचं बोलणं टिपायचे आणि ऑफिसातल्या संगणकाला पाठवायचे. संगणकाने म्हणे हजारो गळत्या ऐकल्या होत्या आणि त्यातून तो आपला आपण शिकला होता. गळती वाटली की नकाशावर लाल ठिपका. टोळीला वाटलं, आता कानसेनच्या नाकाला मिरच्या झोंबणार. पण तसं काही झालं नाही. यंत्रालाही ऐकायला शिकावं लागतं हे कळल्यावर उलट त्याला त्या डब्यांचं कौतुकच वाटलं. फक्त एक पद्धत ठरली होती. यंत्राने ठिपका दाखवला तरी रस्ता फोडण्याआधी कानसेनने जाऊन ऐकायचं. तो ‘ओलं’ म्हणाला तर खोदायचं, ‘सुकं’ म्हणाला तर नाही. यंत्र अजून नवं होतं. वर्दळीचा रस्ता विनाकारण फोडला की दुकानदार ऑफिसात येऊन कान किटेपर्यंत ओरडत. म्हणून शेवटचा शब्द कानसेनचा.

लाँड्रीच्या कोपऱ्यावर ठिपका उमटला ती भर दुपार होती. लाँड्रीतून गरम वाफेचा आणि साबणाचा वास येत होता. कानसेनने झाकण उचललं, दांडा टेकवला, कान लावला. आणि त्याचा तो आवाज आला. आला म्हणजे काय, भरूनच आला. रोज सकाळी त्याच्यासाठी दार लोटून, डोळे मिटून वाट बघावी लागे. आज गाड्यांच्या हॉर्नमध्ये, उन्हात, तो आपणहून इतका जवळ आला होता की कानसेनने दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. वीस वर्षांपूर्वी आला होता तसा. बारीक, अखंड. त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

‘‘काय रे, ओलं की सुकं?’’ मुकादमाने विचारलं.

‘‘सुकं,’’ तो डोळे पुसत म्हणाला. ‘‘इथे काही नाही.’’

तो खोटं बोलत नव्हता. गळती ऐकताना हा आतला आवाज बाजूला ठेवायची त्याला इतक्या वर्षांची सवय होती. पाहुणे मोजताना घरच्या माणसाला कुणी मोजत नाही. त्याने बाजूला ठेवला आणि उरलेलं ऐकलं, तर खाली काहीच नव्हतं.

आठवडा उलटायच्या आत तो कोपरा खचला. मुकादम तिथे उभा राहून टोळीचा ट्रक मागे घ्यायला हात करत होता. ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणता म्हणता तो कमरेपर्यंत जमिनीत गेला. ट्रकचं चाक कडेला अडकलं म्हणून जीव वाचला, पण पाय दोन जागी मोडला. लाँड्रीच्या तळघरात छातीएवढं पाणी भरलं आणि लोकांचे इस्त्रीचे शर्ट त्यात तरंगत राहिले.

चौकशी म्हणजे काय, मॅडमच्या टेबलासमोर दोन खुर्च्या. मॅडम चिडलेल्या नव्हत्या, त्याचंच कानसेनला जास्त भय वाटलं. त्यांनी संगणकावर नकाशा उघडला.

‘‘काका, दोष द्यायचा म्हणून विचारत नाही. मला फक्त समजून घ्यायचंय. तुम्ही कधी चुकत नाही. सेन्सरने जे टिपलं ते तुम्हाला ऐकवते, त्या दिवशी यातलं काय ऐकू आलं ते सांगा.’’

त्यांनी बटण दाबलं. संगणकाच्या दोन टीचभर स्पीकरांमधून कानसेनचा देव बाहेर आला.

त्याला आधी आनंद झाला, हे सांगितलं पाहिजे. लहान मूल जत्रेत हरवलेली आई दिसल्यावर उठतं तसा तो खुर्चीतून उठला. वीस वर्षं जे एकट्याने ऐकलं ते आज दुसऱ्या कुणीतरी ऐकलं होतं, टिपून ठेवलं होतं.

‘‘हा तुम्हाला कुठे मिळाला?’’ त्याने विचारलं. ‘‘मॅडम, तुम्हालाही ऐकू येतो हा?’’

मॅडम गोंधळल्या. ‘‘येतो ना. सगळ्यांनाच येईल. गळतीचा आवाज आहे काका. लाँड्रीच्या कोपऱ्यावरचा.’’

पायाखालची जमीन सरकणं म्हणजे काय, ते मुकादमाला त्याच्या आधी कळलं होतं. आता त्याला कळलं. तो बसला, पुन्हा उठला. ‘पुन्हा लावा’ म्हणाला. मॅडमनी पुन्हा लावला. तोच. केसाचाही फरक नाही.

‘‘पाणी आणू का?’’ मॅडमनी विचारलं.

‘‘नको,’’ तो म्हणाला, ‘‘पाणी पुष्कळ झालं.’’

विभागाने कान तपासून आणायला सांगितलं. तपासल्याशिवाय बाहेरचं काम बंद. कान तपासणारी त्याची सख्खी भाचीच होती. बहिणीच्या पश्चात तिला लहानाची मोठी होताना त्याने पाहिलेलं, आणि आता तिने त्याला काचेच्या खोलीत बसवून डोक्यावर हेडफोन चढवले. बारीक बारीक सूर येत गेले, ऐकू आला की बटण दाबायचं. मध्येच बराच वेळ काही आलंच नाही. त्याला वाटलं, यंत्र बंद पडलं.

यंत्र चालू होतं. त्याच्या कानात सतत वाजणारा सूर कोणता, तेही तिने विचारून घेतलं. भाचीने कागदावरची रेघ दाखवली. रेघ सरळ चालत होती आणि एका जागी खोल दरीत उतरत होती.

‘‘मामा, हा उजवा कान. इतकी वर्षं पंपांच्या खोल्यांमध्ये, खोदायच्या यंत्रांजवळ उभे राहिलात. इथले हळू सूर तुमच्या कानाला मिळतच नाहीत. आणि जे मिळत नाही ते मेंदू स्वतः तयार करतो. ओळखीच्या गाण्यातला शब्द गाळला तरी आपण तो मनात म्हणतो ना, तसं. याला आम्ही कर्णनाद म्हणतो. तुमचा नाद अगदी या दरीच्या जागेवर आहे. त्या गळतीचा सूरही तिथलाच, म्हणून दोन्ही एकच वाटले.’’

‘‘म्हणजे कान मेला तिथे हा उगवला.’’

‘‘सोप्या भाषेत, हो.’’

‘‘आणि टाकीपाशी? पहिल्या दिवशी?’’

भाचीने हातातलं पेन खाली ठेवलं. तिला ती गोष्ट माहीत नव्हती. त्याने सांगितली, तुटक तुटक, तिच्याकडे न बघता. तो थांबल्यावर ती म्हणाली, ‘‘ते मला नाही सांगता येणार. पण मामा, कारण सापडलं म्हणजे गोष्ट खोटी ठरते असं नाही. आई गेली तेव्हा तुम्ही रडलात. ते पाणी डोळ्यांतल्या ग्रंथीतून आलं. म्हणून दुःख खोटं होतं का?’’

‘‘माझ्या रडण्याने कुणाचा पाय मोडला नव्हता,’’ कानसेन म्हणाला.

तिने खणातून एक डबी काढली. नव्या पद्धतीचं कानाचं मशीन होतं, शेंगदाण्याएवढं. ते बाहेरचे हरवलेले सूर उचलून कानाला देणार, आणि एकदा कानाला खरे सूर मिळायला लागले की मेंदूची कारागिरी बहुतेकांची थंड पडते. शिवाय त्यात असा काही प्रोग्रॅम होता की नाद डोकं वर काढायला लागला की मशीन तो ओळखून झाकून टाकणार.

‘‘म्हणजे आवाज जाईल.’’

‘‘बहुतेक जाईल. आणि तुम्हाला तुमचं काम परत करता येईल.’’

डबी खिशात घालून तो निघाला आणि त्या दिवसापासून त्याचं बूड कुठे टेकेना. सकाळी मागच्या खोलीत बसे, आवाज ये, आणि तो उठून उभा राही. तू कोण? गळती की देव? आवाज उत्तर देत नसे, पूर्वीसारखाच वाहत राही. पूर्वी त्याला यात माया वाटायची, आता लबाडी वाटू लागली. तो खोलीतून अंगणात, अंगणातून रस्त्यावर, रस्त्यावरून परत घरात. डबी खिशातून काढायची, उघडायची, मिटायची. जेवताना घास हातातच राही.

खरी भीती आवाज जाण्याची नव्हतीच. आवाज गेला तर मागे काय उरेल, याची होती. त्याच्या हिशेबाने आवाजाने भडक्याला मारलं होतं. आता आवाज म्हणजे मेलेल्या नसेची करामत असेल, आणि ती करामतही बंद केली, तर भडक्याला धरून कोण ठेवणार? मुकादमाचा पाय मोडला त्या दिवशी त्याला स्वतःचाच इतका राग आला होता की हातातला दांडा दगडावर आपटायला त्याने वर उचलला होता. वीस वर्षांत पहिल्यांदा. आपटला नाही, पण उचलला होता.

न राहवून एका संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘‘मी ते मशीन घातलं आणि पुन्हा पूर्वीसारखा झालो, तर?’’

तिने वर पाहिलं नाही. ‘‘कप अजून स्टीलचेच आहेत,’’ ती मोठ्याने म्हणाली. अलीकडे ती त्याच्याशी मोठ्यानेच आणि थोडक्यातच बोलायची. घडी पुरी करून ती आत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमकडे गेला. सुट्टीवर असलेला माणूस ऑफिसात आला म्हणून सगळे बघायला लागले.

‘‘एक सेन्सर मला टाकीच्या पायथ्याला लावून द्या,’’ तो म्हणाला. ‘‘तिथे काही ऐकू येतं का, एवढंच बघायचंय.’’

दुसऱ्या कुणी चार प्रश्न विचारले असते. मॅडम गाडीची किल्ली घेऊन उठल्या. टेकडीच्या पायथ्याशी तो जुना खड्डा आता सिमेंटने बांधून काढला होता. मॅडमनी आत उतरून सेन्सर लावला, वर येऊन मांडीवर संगणक उघडला, आणि दोघं झाकणाच्या कडेला बसून राहिले. कानसेन मात्र बसून राहिला असं म्हणायचं एवढंच. तो सारखा उठून त्यांच्या खांद्यावरून पडद्यात डोकावत होता. काय हवं होतं त्याला? खरं सांगायचं तर त्यालाही माहीत नव्हतं. तिथे गळती निघाली असती तर त्याचा देव पहिल्या दिवसापासून गळकाच होता असं ठरलं असतं. नसती निघाली तर तो देव होता, असं यंत्राने सही करून दिल्यासारखं झालं असतं.

‘‘काही नाही,’’ शेवटी मॅडम म्हणाल्या. ‘‘अगदी शांत लाइन आहे.’’

त्याचा चेहरा उजळला. तो बघून मॅडमना वाईट वाटलं, पण त्या खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. ‘‘काका, पण ही लाइन नवी आहे. जुनी काढून टाकली, मी इथे येण्याच्याही आधी. तेव्हा काय होतं, ते आता कुणालाच ऐकता येणार नाही.’’

आगीतून फुफाट्यात, म्हणतात ते हेच. त्याने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि हसायला लागला. मॅडमही हसल्या, आणि मग म्हणाल्या, ‘‘तुम्हाला काय हवंय ते हा डबा नाही देऊ शकत. हा फक्त आवाज आहे की नाही एवढंच सांगतो. कशाचा आहे, हेसुद्धा त्याला आधी आपणच शिकवलंय.’’ त्यांनी संगणक मिटला. ‘‘आणि मला विचाराल तर, त्या दिवशी तुमच्या डोळ्यांना पाणी आलं होतं असं मुकादम म्हणाले. मला हेवा वाटला. मी तोच आवाज दिवसभर ऐकते, मला काहीही होत नाही.’’

परतताना त्याने गाडी हॉस्पिटलपाशी थांबवायला सांगितली. इतके दिवस तो तिथे गेला नव्हता. दारापर्यंत जाऊन दोनदा परत फिरला होता.

मुकादमाचा पाय प्लास्टरमध्ये, दोरीने वर टांगलेला. याला बघताच तो म्हणाला, ‘‘या! देव तुझ्या कानात आणि खड्डा माझ्या पायाखाली. वाटणी बरी केलीस.’’

कानसेनला हसू आलं नाही. तो पलंगाजवळ उभाच राहिला. मग सगळं सांगून टाकलं, संगणकातला आवाज, कानातली दरी, डबी, सगळं. मुकादम छताकडे बघत ऐकत होता. बोलला तेव्हा त्याच्या बोलण्यातली थट्टा गेली होती.

‘‘त्या खड्ड्यातून तुला मीच वर ओढलं होतं, आठवतंय? तुझ्या तोंडावर काय होतं ते मी पाहिलंय. त्याला खोटं म्हणायची माझी छाती नाही. पण मला त्याचा उपयोग काय रे? तू ‘सुकं’ म्हणालास की मी त्या जमिनीवर उभा राहतो. टोळीतली सगळी राहतात. मला तुझा देव नको, तुझा कान हवाय.’’ त्याने पाय हलवायचा प्रयत्न केला आणि कळवळला. ‘‘आता जा. आणि येताना काहीतरी खायला आणत जा, रिकाम्या हाताने काय येतोस.’’

दुसऱ्या दिवशी सकाळी कानसेन नेहमीसारखा मागच्या खोलीत गेला. दार लोटलं, बसला. आवाज आला. त्याने हात जोडले नाहीत, निरोपाचे शब्दही त्याला सुचले नाहीत. गाडी सुटायच्या वेळी फलाटावर माणसं उगाच काहीतरी बोलतात, तसं तो पुटपुटला, ‘‘सांभाळून.’’ मग डबी उघडून मशीन कानात बसवलं.

आधी सगळं जग अंगावर आलं. सदऱ्याची बाही घासली ती कागद फाडल्यासारखी. स्वतःचा श्वास, पंख्याची कुरकुर, बाहेर कुणीतरी सायकल उभी केली त्याचा खटका. तो दचकत होता, मान फिरवत होता. हळूहळू एकेक आवाज आपल्या जागी बसला. तेव्हा त्याने तो शोधला. खाली, मागे, आत.

नव्हता.

बुजलेल्या विहिरीपाशी उभं राहावं तसा तो त्या जागेपाशी थांबला. तिथे काहीच नव्हतं. आता येईल, त्याला वाटलं, आता भडका येईल. त्याने दोन्ही मुठी मांडीवर दाबून धरल्या आणि वाट बघत बसला. राग येईल, येईल म्हणून बसला असताना दाराच्या फटीतून बोलणं ऐकू आलं.

स्वयंपाकघरात बायको कुणाशी तरी बोलत होती. एवढ्या सकाळी कोण आलं? तो कान देऊन ऐकू लागला.

‘‘कोबी करू का आज?’’ बायको विचारत होती. मग जरा जड, सावकाश सुरात उत्तर आलं, ‘‘कर. तुला आवडतो ना.’’ उत्तर देणारीही तीच होती. ‘‘मला आवडतो म्हणून काय, तुम्ही खाणार का?’’ ‘‘खाईन की. तू केलेलं मी काय टाकतो?’’ ती हसली. भांडं सरकवल्याचा आवाज आला. ‘‘काल पोरीचा फोन आला होता. बाबा कसे आहेत म्हणाली.’’ ‘‘मग, काय सांगितलंस?’’ ‘‘काय सांगणार. आहेत, म्हटलं.’’ थोडा वेळ नुसता सुरीचा आवाज. मग तोच जड, सावकाश सूर, ‘‘गुडघा कसा आहे गं आज?’’ ‘‘दुखतोय. जिना उतरवत नाही.’’ ‘‘मग बस ना जरा. मी चिरतो.’’ ‘‘बसा तुम्ही. चिराल बोट.’’

कानसेन जागच्या जागी बसून होता. ती नक्कल कुणाची, हे कळायला वेळ लागला नाही. सूर त्याचाच होता, शब्दही त्याच्या धाटणीचे. फक्त त्याने ते कधी उच्चारले नव्हते. तिच्या गुडघ्याबद्दल त्याला माहीतच नव्हतं. ती हे सगळं इतक्या सहज बोलत होती, कुठे अडत नव्हती, शोधत नव्हती. एक दिवसाची सवय नव्हती ती. इतकी वर्षं, रोज सकाळी, तो दार लोटून अथांगाला कान देऊन बसला होता, आणि भिंतीपलीकडे ती आपला प्रश्न विचारून त्याचं उत्तरही आपणच देत होती. आणि तिने घडवलेला तो नवरा त्याच्यापेक्षा फार बरा होता.

भडका आला नाही. त्याची आठवणही झाली नाही. आलं ते वेगळंच. टेकडीखालच्या खड्ड्यात त्याला काय मिळालं होतं, हे त्याला आता, आवाज गेल्यावर कळत होतं. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा तो स्वतःचं बोलणं थांबवून दुसऱ्या कशाचं तरी ऐकत होता. ते खरं होतं. त्याला कुणी खोटं म्हणू शकत नव्हतं, मॅडम नाही, भाची नाही, तो स्वतःही नाही. पण त्याने नेमका आवाज उराशी धरला आणि ऐकणं सोडून दिलं.

तो उठला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. तिची पाठ होती.

‘‘गुडघा कधीपासून दुखतोय?’’

तिचा हात लागून ताट ओट्यावरून खाली गेलं. नव्या कानात तो आवाज विजेसारखा शिरला, पण तो हलला नाही. ती वळली. आधी घाबरली, मग कानातलं मशीन दिसलं, आणि मग तिचा चेहरा लाजेने आणि संतापाने लाल झाला.

‘‘कुठपासून ऐकलंत?’’

‘‘कोबीपासून.’’

‘‘चोरून ऐकायला लाज नाही वाटत?’’ तिचा आवाज चढला होता. अशी ती त्याच्यावर कधी ओरडली नव्हती. आधी भडक्याच्या भीतीने, मग त्याच्या शांततेला घाबरून. ‘‘बोलते मी. भिंतींशी बोलते, झालं? कुणीतरी उत्तर द्यायला नको?’’

‘‘हवं,’’ तो म्हणाला.

तिने पदराने डोळे पुसले आणि पाठ फिरवली. गॅसवर दूध चढत होतं. तो पुढे झाला, कोपऱ्यातलं स्टूल ओढून तिच्यामागे ठेवलं आणि सुरी तिच्या हातातून काढून घेतली. ती बसली नाही. स्टुलाकडे आणि त्याच्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

‘‘तो तुला अजून काय काय विचारतो?’’ त्याने विचारलं.

‘‘तो कोण?’’

‘‘तोच. कोबी आवडतो म्हणणारा.’’

तिला हसायचं नव्हतं. तरी ओठ हलले, मग थरथरले. ती हळूच, एका हाताने ओटा धरून, खाली बसली.

‘‘पुष्कळ विचारतो,’’ ती म्हणाली. आज ती मोठ्याने बोलत नव्हती. ‘‘वेळ आहे का तुम्हाला?’’

दूध वर आलं होतं. त्याने गॅस बंद केला आणि तिच्यासमोर जमिनीवर बसला.